आयएमयूची परीक्षा: रेट टेबलवर की काटोल रोडवर?

ड्रोनवरच्या एसएआरसाठी (उडता उडता जमिनीची प्रतिमा टिपणारं रडार) आयएमयू, म्हणजे हालचाल आणि वळण मोजणारा सेन्सर, हाती आला की तो खरा किती सांगतो, हे कुठे पाहायचं? मी दोन्ही करून पाहिलं: लॅबमधला रेट टेबल (सेन्सरला ठरलेल्या वेगाने फिरवणारं यंत्र), आणि नागपुरात गाडीच्या टपावर पीपीके (उपग्रहांवरून मिळालेलं स्थान नंतर हिशेबाने अचूक करण्याची पद्धत) अँटेनाशेजारी सेन्सर बांधून फेऱ्या.

टेबलचं श्रेय आधी देतो. जायरोचा (वळण्याचा वेग मोजणारा भाग) स्केल फॅक्टर, म्हणजे दाखवलेल्या आणि खऱ्या वेगाचं प्रमाण, आणि अक्षांचा तिरकेपणा तिथे जितका स्वच्छ कळतो तितका रस्त्यावर कळत नाही. गाडी काही कुशीवर वळवता येत नाही.

माझं अडलं ते उन्हापाशी. लॅबचा एसी २४ वर. ॲक्सेलरोमीटरचा (प्रवेग मोजणारा भाग) बायस, म्हणजे आकड्यात कायम मिसळलेली चूक, जागचा हलेना, मी आकडे लिहून घेतले. तोच सेन्सर मे महिन्यात भर दुपारी उडवला. डबीला हात लावला तर चटका बसत होता, आणि प्रतिमेत कॉर्नर रिफ्लेक्टरचा (रडारला ठळक दिसणारी धातूची खूण) ठिपका रेघेसारखा फाकला. आठवडाभर मी ऑटोफोकसच्या (प्रतिमा आपोआप धारदार करणाऱ्या) कोडात चूक शोधत बसलो. कोड बरोबर होता, बायस सरकला होता. नुसता १ मिली-जी (गुरुत्व-प्रवेगाचा हजारावा भाग) बायस १० सेकंदांत जवळपास अर्धा मीटर चूक साठवतो. जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रणा) ती आवरतं, पण त्याची स्वतःची अचूकता दोन-तीन सेंटीमीटरची. रडारच्या एक्स बँड लहरींची तरंगलांबी सुमारे ३ सेंटीमीटर, आणि लहर जाऊन परत येते, म्हणजे रडारच्या दिशेने पाऊण सेंटीमीटर चुकलं तरी फेज (लहरीची अवस्था) १८० अंशांनी फिरते. मधली बारीक हालचाल सेन्सरनेच सांगावी लागते.

तापमान-कक्षातला टेबल ज्यांना मिळतो, त्यांचा हिशेब वेगळा असू शकेल. मला मिळाला नाही.

म्हणून गाडी. वर्धा रोड टाळा, मेट्रोच्या पुलाखाली सिग्नल तुटतो. काटोल रोडला शहर सुटलं की आभाळ मोकळं. अँटेनापासून सेन्सरचं अंतर नीट मोजून घ्या. दर दहा मिनिटांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. उभ्या गाडीचा वेग शून्यच असतो, त्यामुळे जीएनएसएसची मदत काढून हिशेब केला की सेन्सर जो वेग दाखवेल ती त्याची चूक. एक फेरी पहाटे, तीच फेरी दुपारी दोनला. दोन्हींतला फरक पाहिल्यावर मी लॅबचे आकडे बाजूला ठेवले.

पैसे आणि वेळ एकाच परीक्षेपुरते असतील, तर माझ्या मते आधी रस्ता, टेबल नंतर. फक्त मे संपायच्या आत करा. पाऊस लागला की दुपारची फेरी पुढच्या वर्षावर जाते.