ध्वनिवर्धक बंद झाल्यानंतरची कव्वाली: पुण्यातील एका महाविद्यालयाची सूफी संध्या

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या खुल्या रंगमंचावर गेल्या डिसेंबरात सूफी संगीत आणि नृत्याचा कार्यक्रम झाला. विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर प्रवेश होता आणि बाहेरच्या रसिकांसाठी १५० रुपयांची प्रवेशिका होती. मी बारा वर्षे कथक शिकले आहे आणि कव्वालीची ओढ मला घरातूनच लागली आहे, त्यामुळे जाहिरात पाहताच मी बहिणीची आणि माझी जागा राखून ठेवली. मत आधीच सांगते. कव्वालीसाठी याच्या दुप्पट पैसे मोजावे लागले असते तरी मी मोजले असते. कथक चांगले होते. विद्यार्थिनींच्या गिरक्यांच्या समूहनृत्यामागे भरपूर मेहनत होती, पण ते बसवताना विचार कमी पडला होता. आणि या तिन्हींच्या वाट्याचा वेळ आयोजकांच्या भाषणांनी खाल्ला.

सूफी परंपरेत अशा मैफलीला ‘समा’ म्हणतात. हा अरबी शब्द मुळात ऐकण्याचा आहे, गाण्याचा किंवा नाचण्याचा नाही. तुर्कस्तानातील मौलवी (मेवलेवी) या सूफी पंथाच्या गिरक्यांच्या विधीलाही याच शब्दाच्या तुर्की रूपाने ‘सेमा’ म्हणतात, म्हणजे तिथे फिरणारा साधकही आधी श्रोता असतो. बगदादच्या जुनैद या सूफीच्या नावाने एक जुनी अट सांगितली जाते, की समासाठी वेळ, जागा आणि सोबती ही तिन्ही जुळून यावी लागतात. त्या संध्याकाळी मी याच मापाने सगळे पाहत होते.

वेळेपुरते बोलायचे तर साडेसहाचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे मनोगत, आभार आणि मग पुन्हा एकदा मनोगत, असा क्रम चालू असताना सात-आठ कव्वाल रंगमंचामागे चहाचे कागदी पेले हातात धरून उभे होते. रात्री दहाला उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद करावे लागतात, हे पुण्यात कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही गाण्यासाठी असलेला सव्वा तास असा दिला गेला, याचे मला मनापासून वाईट वाटले आणि त्याचा परिणाम पुढे दिसलाच.

पहिली दहा मिनिटे मात्र अनपेक्षित होती. एका विद्यार्थ्याने फक्त तंबोरा आणि पखवाजाच्या साथीने शेख महंमदांचा अभंग गायिला. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकातील मराठी संतकवी. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ. मुसलमान घरात जन्मलेल्या या कवीने आपली साधना मराठीतून, वारकऱ्यांच्या शब्दांत मांडली. आपल्याकडे सूफी म्हटले की अजमेर आणि दिल्ली आठवते, श्रीगोंदे आठवत नाही. आवाज अजून कच्चा होता, वरच्या षड्जावर तो थोडा ताणलाही गेला, पण शब्द स्वच्छ होते आणि म्हणणारा त्यांचा अर्थ समजून म्हणत होता. कार्यक्रमपत्रिकेत या गायनाची नोंददेखील नव्हती. ती असायला हवी होती.

त्यानंतर बारा विद्यार्थिनींचे समूहनृत्य झाले. पांढरे घेरदार झगे, उंच टोप्या आणि सतत गिरक्या. सूत्रसंचालिकेने जलालुद्दीन रूमीचा, म्हणजे ज्याच्या अनुयायांचा हा मौलवी पंथ त्या सूफी कवीचा, उल्लेख केला आणि हा महिना त्याच्या स्मरणाचा आहे हेही सांगितले. ते बरोबर आहे, कारण रूमीचा मृत्यू १७ डिसेंबर १२७३ रोजी कोन्या येथे झाला आणि तिथे तो दिवस दरवर्षी पाळला जातो. पण नृत्याला सुरुवात झाली ती इलेक्ट्रॉनिक ढोलाच्या ध्वनिमुद्रित ठेक्यावर, निळे-जांभळे दिवे फिरवत आणि सगळ्यांचे दोन्ही हात आकाशाकडे उंचावून.

इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण या मुलींनी घेतलेले कष्ट खरे होते आणि त्यांना नीट मार्गदर्शन मिळाले असते तर त्याच कष्टांतून फार वेगळे काही उभे राहिले असते. मौलवींच्या सेमामध्ये उंच टोपी ही थडग्यावरच्या शिळेची खूण असते, पांढरा झगा हे कफन असते आणि त्यावरचा काळा अंगरखा ही कबर असते. फिरण्याआधी साधक तो काळा अंगरखा उतरवून ठेवतो. त्याही आधी संथ पावलांनी तीन प्रदक्षिणा होतात. फिरणे सुरू होते तेव्हा हात छातीवर घट्ट दुमडलेले असतात, एकाकी उभ्या रेघेसारखे शरीर, आणि मग हळूहळू ते उघडत जातात: उजवा तळवा वर, डावा खाली. वरून जे मिळाले ते आपल्याकडे न ठेवता जमिनीला देऊन टाकायचे, असा त्याचा अर्थ. दोन्ही हात वर केले की हा अर्थच नाहीसा होतो, कारण मग फक्त मागणे उरते. काळा अंगरखा तर या नृत्यात नव्हताच, त्यामुळे पांढऱ्या रंगाला उतरवून ठेवण्यासारखे काही मागे नव्हते आणि तो केवळ पोशाख राहिला.

हे सगळे रंगमंचावर आणणेच चूक, असे माझे म्हणणे नाही. तुर्कस्तानात १९२५ साली दर्वेशांचे मठ कायद्याने बंद झाले आणि १९५०च्या दशकात कोन्यात सेमा पुन्हा लोकांसमोर आला तो सांस्कृतिक कार्यक्रम म्हणूनच. उपासना आणि सादरीकरण यांच्यातील हा ताण खुद्द मौलवींनीच सत्तर वर्षे सांभाळला आहे. तेव्हा महाविद्यालयातील मुलींनी तो विधी नव्हे, तर त्याच्यावरून सुचलेले नृत्य करावे, याला कुणाचीच हरकत नसावी. मात्र ज्यावरून सुचले ते आधी नीट पाहिलेले असावे, आणि बासरीसारख्या ‘नेय’ या वाद्याची निदान पाच मिनिटे शांतपणे ऐकलेली असावीत.

आणखी एक गोष्ट मला सलली. निवेदनात सांगितले गेले की, सूफी नृत्य म्हणजे तुर्कस्तानचे नृत्य. पण दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनेत आले आणि त्यांची कबर खुलताबादला आहे. बुऱ्हाणपूर शहराला नाव मिळाले ते त्यांचेच. समामध्ये ते इतके रमत, की त्यांच्या अनुयायांच्या नाचण्याच्या खास पद्धतीला ‘बुऱ्हानी’ असे वेगळे नाव पडले. त्या पद्धतीची पावले आज कुणी दाखवू शकणार नाही, पण पुण्यातून पाच-सहा तासांच्या अंतरावरचे हे नाव पुण्यातल्याच रंगमंचावर एकदा तरी उच्चारले जावे, एवढीच अपेक्षा होती.

कथक सादर करणाऱ्या नर्तिका अनुभवी होत्या आणि साथीला तबला, सारंगी, पढंत (बोल तोंडाने म्हणणे) असे सगळे प्रत्यक्ष होते. अमीर खुसरोच्या नावावर असलेली, सासरी निघालेल्या मुलीची एक हिंदवी रचना त्यांनी अभिनयासाठी घेतली. वरवर पाहता तो माहेरचा निरोप. पण सूफींमध्ये मृत्यूला विवाह मानतात. ‘उरूस’ या आपल्या रोजच्या शब्दाचा मूळ अर्थ लग्नच आहे आणि रूमीच्या मृत्यूच्या रात्रीलाही ‘लग्नाची रात्र’ म्हणतात. नर्तिकेने हे शब्दांतून सांगितले नाही. दुसऱ्यांदा उंबरा ओलांडताना तिने मागे वळून पाहिलेच नाही आणि चेहऱ्यावरचे रडू अलगद ओसरू दिले, तेवढ्यावरून ते पोहोचले. माझ्या शेजारी बसलेल्या बहिणीला कथकातले फारसे कळत नाही, तिलाही ते पोहोचले.

पुढच्या चक्करांबद्दल मात्र मन द्विधा आहे. कथकातील चक्कर आणि सेमातील गिरकी दोन्ही डावीकडे फिरतात, दोन्हींचा आधार डाव्या पायावर असतो, म्हणून त्यांना एकत्र आणण्याचा मोह प्रत्येक नृत्यरचनाकाराला होतो. पण कथकात नजर दर फेरीला समोर परत येऊन एका बिंदूवर थांबते, त्यामुळे तोल राहतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन खटकन थांबता येते. मौलवी साधक नजर कुठेच खिळवत नाही. मान किंचित कललेली ठेवून सगळे दृश्य विरघळू देतो आणि त्याच्या फिरण्याला सम नसते. एकात हिशेब पूर्ण करण्याचा आनंद आहे, तर दुसऱ्यात हिशेब सुटण्याचा. नर्तिकेने आपले कथकाचेच चक्कर घेतले, ते मला प्रामाणिक वाटले. तिने एकवीस चक्कर सुरू केले आणि मागच्या पायऱ्यांवरून विद्यार्थी मोठ्याने आकडे मोजू लागले. मुलांचा उत्साह मला समजतो, पण त्या गजरात सारंगीचा लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी फिरती धून, पूर्ण बुडाला आणि शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, कुणालाच ऐकू आली नाही. सोबती जुळले नाहीत म्हणतात ते असे.

कव्वालांना रंगमंच मिळाला तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते. पुढे मुख्य गायक आणि त्यांचे जोडीदार, दोन पेट्या, बाजूला ढोलक आणि तबला, मागच्या ओळीत टाळ्या देणारे साथीदार अशी रीतसर बैठक होती. आरंभ ‘कौल’ने, म्हणजे वचनाने, झाला. कव्वाली हे नाव ज्या ‘कौल’ शब्दावरून आले तो हाच, आणि जुन्या रिवाजाने मैफल खुसरोच्या नावाने चालत आलेल्या ‘मन कुंतो मौला’ याच कौलने सुरू होते. त्यातील तराण्याचे बोल मुख्य गायकाने घाईने उडवून न देता एकेक सुटा लावला. मध्येच जोडीदाराने दुसऱ्याच एका कवीचा शेर आणून मूळ ओळीला जोडला. याला ‘गिरह’ म्हणतात, म्हणजे गाठ. शेर कुठूनही आणता येतो, पण तो अशा जागी सोडावा लागतो की मूळ ओळ त्यानंतर येताना नव्या अर्थाने यावी. त्या रात्री बसलेल्या गाठींपैकी तीन-चार मी आयुष्यभर विसरणार नाही.

दिल्लीच्या कुतुबुद्दीन बख्तियार काकींबद्दल सांगतात, की एका फारसी शेरावर त्यांचे भान हरपले, कव्वाल तोच शेर पुन्हा पुन्हा गात राहिले आणि त्यातच १२३५ साली त्यांचा अंत झाला. श्रोत्याची अवस्था ओळखून ओळ धरून ठेवणे, हे कव्वालाचे खरे कसब. आमच्या पुढच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले होते. एका ओळीला त्यांचा हात नकळत वर गेला. मुख्य गायकाने ते टिपले आणि ती एकच ओळ कधी ढोलक थांबवून, कधी केवळ टाळीवर, पंधरा-वीस वेळा फिरवली. गृहस्थांचा हात खाली आला तेव्हाच गायक पुढच्या ओळीकडे वळले. मागून कुणीतरी चित्रपटातल्या गाण्याची फर्माईश ओरडत होते. त्याकडे त्यांनी रागही न धरता दुर्लक्ष केले.

उणीव होती ती ध्वनिव्यवस्थेची. ढोलकाचा धुम्मा, म्हणजे खर्जाचा आवाज, इतका फुगवला होता की टाळी ऐकूच येत नव्हती. कव्वालीत टाळी ही केवळ साथ नसते, लयीचा कणा असते. ती गेली की उरते ती नुसती धडधड. मध्यंतरी मी स्वतः ध्वनियोजकाकडे जाऊन विनंती केली. त्याने ऐकून घेतले, दोन मिनिटे आवाज सुधारला आणि पुन्हा होता तिथे गेला.

दहाला पाच मिनिटे असताना आयोजकांपैकी एकाने येऊन मुख्य गायकाच्या कानात काही सांगितले. मैफलीचा शेवट ‘रंग’ने करायचा हा रिवाज, मुर्शिद, म्हणजे गुरू, भेटल्याच्या आनंदाची ती खुसरोची रचना, आणि ती सुरू झाली की दर्ग्यात बसलेले सगळे उठून उभे राहतात. तिच्या दुसऱ्याच ओळीवर ध्वनिवर्धक बंद झाले, मोठे दिवेही विझले. निम्मे प्रेक्षक बाहेर पडू लागले. कव्वाल मात्र थांबले नाहीत. गायकाने पेटी थोडी पुढे ओढली आणि तीच ओळ पुन्हा उचलली. पायऱ्यांवर उरलेले आम्ही शे-दीडशे जण उतरून रंगमंचाला लागून उभे राहिलो, त्यात मघाशी चक्कर मोजणारी मुलेही होती आणि ती आता अगदी गप्प होती. टाळी पहिल्यांदाच नीट ऐकू आली: सहा जणांची, किंचित मागेपुढे, कोरडी आणि जिवंत. अभंग गायिलेला विद्यार्थी मागच्या ओळीजवळ उभा राहून तीच टाळी देऊ लागला. हे सगळे जेमतेम बारा मिनिटे चालले.

आयोजकांनी पुढच्या वर्षीही कार्यक्रम करण्याचे जाहीर केले आहे आणि मी नक्की जाणार आहे. जाणाऱ्यांनी मधल्या खुर्च्यांऐवजी रंगमंचाच्या अगदी जवळच्या पायऱ्या धराव्यात आणि बसायला काहीतरी जाड न्यावे, दगड डिसेंबरात फार गार पडतो. आयोजकांना माझी सूचना लेखी कळवली आहे: सत्कार पंधरा मिनिटांत आटोपावेत, कव्वालांना दोन पूर्ण तास द्यावेत आणि त्यांचा कार्यक्रम सभागृहात गाद्या घालून, गरजेपुरत्याच ध्वनिवर्धकांवर ठेवावा. सभागृहात ४०० जण मावतात. त्या रात्री शेवटपर्यंत थांबलेले त्याच्या निम्मेही नव्हते.