पाड्यावर पहिलं काय उभं करायचं: बचत गट, हप्त्याचा गट की वनहक्काचा दावा?

पुढे व्हायला तयार असलेल्या चार-पाच ताया गावात सापडल्या, की त्यांना आधी कोणत्या कामात गुंतवायचं हा प्रश्न येतो. धुळे, नंदुरबार, जळगावच्या बहुतेक गावांत तीन रस्ते समोर असतात. शेतकरी उत्पादक कंपनी हा चौथा, पण दरवर्षीचं ऑडिट आणि विवरणपत्रं सांभाळायला पगारी माणूस लागतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये.

बचत गट आणि फायनान्सवाल्यांचा हप्त्याचा गट (एकमेकींच्या हमीवर कर्ज घेणारा) लांबून सारखेच दिसतात: त्याच बाया, तीच सतरंजी. व्याजही बरेचदा सारखंच असतं. गटात महिन्याला 2 टक्के, फायनान्स कंपनीकडे वर्षाला 24 च्या आसपास. 10,000 रुपये दहा हप्त्यांत फेडले आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर धरलं, तर दोन्हीकडे 1,100 रुपये होतात. फरक असा, की गटाचे 1,100 गटाच्याच पेटीत राहतात आणि पुढच्या बाईला कर्ज म्हणून मिळतात. कंपनीचे गावाबाहेर जातात, वर प्रक्रिया शुल्क आणि विमा. मात्र गटाच्या वहीतही बरेचदा सरसकट 10,000 वर व्याज लावलं जातं. मग तेच व्याज 2,000 होतं आणि गट आपल्याच बाईला कंपनीपेक्षा महाग पडतो. वही तपासताना आधी हेच बघा.

कंपनीची बाजू एकाच गोष्टीत भारी: पैसा लवकर मिळतो. बचत गटात 12 जणींनी महिना 100 रुपये टाकले तरी वर्षाची बचत 14,400 होते, त्यात एकीचं बाळंतपण आणि दुसरीचं बियाणं एकदम भागत नाही. बँकेच्या कर्जासाठी गट किमान 6 महिने नियमित चाललेला लागतो. तिथवर टिकलात, तर उमेदमधल्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या) गटाला 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी कर्ज मिळतं आणि 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही. गटाचं बचत खातं अडकवून ठेवण्याचा अधिकार बँकेला नाही. शाखेत तसं कोणी म्हणालं, तर लेखी मागा.

कंपनीचं कर्ज घ्यायचंच असेल, तर एवढं माहीत हवं. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीला येता येत नाही. एकीचा हप्ता चुकला म्हणून बाकीच्यांना बसवून ठेवणं हाच इथला खरा त्रास, आणि शेजारणींची बोलचाल त्यातच तुटते.

खानदेशात गट मोडतो तो बहुतेकदा कॅलेंडरमुळे. दिवाळीनंतर मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली घरं गुजरातकडे ऊसतोडीला जातात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात. बारांतल्या सात गेल्या की बैठक नाही, बचत नाही, आणि बँकेच्या लेखी गट बंद. म्हणून गट बांधताना जाणाऱ्या घरांचा वेगळा आणि राहणाऱ्यांचा वेगळा करा. जाणाऱ्यांच्या गटाने उचल हातात पडताच पाच महिन्यांची बचत एकदम भरावी, कर्जाचे हप्ते आखाजीनंतर सुरू होतील असे बांधावेत आणि तसा ठराव वहीत लिहावा. होळीला माणसं घरी येतात, तेव्हा एक बैठक घेता येते. भोंगऱ्या बाजाराचा (होळीआधीच्या आदिवासी बाजाराचा) दिवस तेवढा टाळा, कोणी बसणार नाही.

दुसरं दुखणं नेतृत्वाचं. वही, पासबुक आणि रोकड एकाच ताईकडे असली, की ती कितीही सरळ असो, दोन वर्षांत गट तिचा होतो (किंवा तिच्या नवऱ्याचा). वही एकीकडे, पेटी दुसरीकडे, किल्ली तिसरीकडे ठेवा. बैठक उठण्याआधी प्रत्येकीची बाकी मोठ्याने वाचा. लिहिता येत नाही त्या बायांना आपला आकडा पाठ असतो, चूक त्याच पकडतात. लिहिणाऱ्या मुलीला दर बैठकीचे थोडे पैसे द्या. फुकटचं लिखाण तीन महिन्यांत थांबतं.

तिसरा रस्ता सातपुड्याच्या आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि मोह, चारोळी, डिंक गोळा करून विकण्याचा हक्क मागता येतो. पैसा हळू येतो, पण कर्ज डोक्यावर नसतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने जंगल राखून दाखवलं. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. दाव्यासाठी 10 ते 15 जणांची वनहक्क समिती लागते, त्यात किमान एक तृतीयांश बाया. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वैयक्तिक प्लॉटचा ‘क’ नमुना भरून थांबणं. सामूहिक वनसंपत्तीचा नमुना ‘ग’ वेगळा असतो. हद्दीची शिवारफेरी शेजारच्या गावाला बोलावून करा, नाहीतर त्याच हद्दीवर पुढे भांडण उभं राहतं.

जंगल नसलेल्या तापीकाठच्या गावात बचत गटच धरा. डोंगरातल्या पाड्यावर आधी सहा महिने गट चालवा, कारण दाव्याच्या ग्रामसभेला निम्मी माणसं आणि त्यांत तिसरा हिस्सा बाया लागतात, आणि बैठकीला बसायची सवय झालेल्या बायाच तिथे येतात. मग पावसाळ्यात, गाव घरी असताना, दाव्याचा ठराव घ्या. उपविभागीय कार्यालयात कागद देताना पानांचे आकडे टाका आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.