टेक स्टार्टअपची नावं : कोणती टिकली, कोणती महागात पडली

संस्थापक नाव निवडतात ते पडद्यावर पाहून. लोगोत कसं बसतं, किती अक्षरी आहे, डॉट कॉम मोकळं आहे का, एवढं जमलं की निर्णय होऊन जातो. पण नाव पसरतं ते तोंडी. मीटिंगमध्ये कुणीतरी ते उच्चारतं आणि ऐकणारा संध्याकाळी फोनवर टाइप करून बघतो. या दोहोंच्या मध्ये जे नाव हरवतं ते कितीही देखणं असलं तरी आमच्या लेखी वाईट. म्हणून गाजलेल्या आणि फसलेल्या नावांची परीक्षा घेताना पहिला मान कानाला दिला आहे.

सुरुवात गाळलेल्या स्वरांपासून. फ्लिकर २००४मध्ये आलं, टम्बलर २००७मध्ये, आणि शेवटच्या ‘आर’आधीचा ‘ई’ काढून टाकायची लाटच आली. फ्लिकर चाललं हे खरं, पण ते फोटो शेअर करण्याच्या सोयीवर चाललं. ‘ई’ असलेलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, पुढे तेव्हाची मालक कंपनी याहूला विकत घ्यावंच लागलं. ट्विटरची सुरुवातही २००६मध्ये स्वर नसलेल्या पाच अक्षरांनी झाली होती. काही महिन्यांतच स्वर परत आले आणि तो निर्णय अचूक ठरला. स्टँडर्ड लाइफ अ‍ॅबरडीन या जुन्या गुंतवणूक कंपनीने २०२१मध्ये हीच फॅशन उचलून नावातले सगळे ‘ई’ काढले आणि २०२५मध्ये ते परत घातले. स्पेलिंगमधून अक्षर गाळलं की डोमेन स्वस्तात मिळतं. वाचलेले पैसे मात्र पुढे प्रत्येक फोन कॉलवर आणि प्रत्येक जाहिरातीत थोडेथोडे भरत राहावे लागतात. आज नव्याने नाव ठेवणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

क्विल आणि कूल यांच्यामध्ये अडकलेलं एक नाव याहून वाईट होतं. २००८मध्ये आलेल्या एका सर्च इंजिनचं स्पेलिंग होतं सी-यू-आय-एल आणि कंपनीचं म्हणणं होतं की उच्चार ‘कूल’ करा. वाचणाऱ्याला उच्चार सापडेना, ऐकणाऱ्याला स्पेलिंग सापडेना. सेवा २०१०मध्ये बंद पडली. मुख्य दोष शोधाच्या निकालांचा होता, पण पहिल्या आठवड्यात जी चर्चा उत्पादनाची व्हायला हवी होती तिच्यातली बरीचशी नावानेच खाल्ली. लिंक साठवून ठेवण्याची साइट डिलिशसने २००३मध्ये डोमेनमध्येच शब्द तोडून दोन टिंबं घातली होती. लोक टिंबं भलत्याच जागी द्यायचे, म्हणून २००८मध्ये सरळ डॉट कॉमवर जावं लागलं. आणि अ‍ॅमेझॉनचं १९९४मधलं पहिलं नाव होतं ‘कॅडाब्रा’. फोनवर वकिलाला ते ‘कॅडॅव्हर’, म्हणजे मृतदेह, असं ऐकू आलं आणि नाव बदललं गेलं. फोनवरच्या एका वाक्याने वाचवलेलं हे नामकरण प्रत्येक संस्थापकाने लक्षात ठेवावं असं आहे.

ही चाचणी घरबसल्या होते. स्टार्टअपशी संबंध नसलेली दहा माणसं घ्या. साध्या फोन कॉलवर, बोलण्याच्या ओघात, नाव एकदाच उच्चारा: ‘मी हल्ली हिशोबासाठी अमुक वापरतो.’ स्पेलिंग सांगू नका. मग त्यांना ते टाइप करून पाठवायला सांगा. आठ जणांचं बरोबर आलं तर नाव चांगलं. सहाच्या खाली आलं तर सोडून द्या. मधल्या आकड्यांवर चुका कुठे होतात ते पाहा, कारण सगळे एकच चूक करत असतील तर ते चुकीचं डोमेन विकत घेऊन काम भागतं. प्रत्येकाची चूक वेगळी असेल तर उपाय नाही. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना विचारा, कालचं नाव काय होतं. इथे बरीच सुबक, गुळगुळीत, बनवलेली नावं गळून पडतात. त्यानंतर तेच नाव फोनच्या व्हॉइस टायपिंगला सांगा आणि कीबोर्डवर टाइप करून ऑटोकरेक्ट त्याचं काय करतं तेही बघा. ऑटोकरेक्ट दर वेळी दुसराच शब्द टाकत असेल, तर ग्राहक एकमेकांना पाठवतील त्या निम्म्याअधिक मेसेजमध्ये तुमचं नाव नसेलच.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये गोंधळाच्या जागा ठरलेल्या आहेत: ‘क’साठी सी, के की क्यू, ‘फ’साठी एफ की पीएच, ‘इ’साठी आय की वाय, व्यंजन एकेरी की दुहेरी, अंक आकड्यात की अक्षरात. अशी एक जागा नावाला पेलते. लिफ्ट या टॅक्सी सेवेच्या नावात आयऐवजी वाय आहे, फायव्हर या फ्रीलान्स कामांच्या साइटच्या नावात आर दोनदा आहे, आणि दोघांनाही लोकांना ते शिकवावं लागलं. दोन जागा आल्या की शिकवणं संपतच नाही. शब्द जोडून डोमेन करताना ते सलग वाचून दाखवायला एखाद्या त्रयस्थाला सांगा. एक्स्पर्ट्स एक्स्चेंज या प्रोग्रामरांच्या साइटचं सलग डोमेन भलतंच वाचलं जायचं, म्हणून मध्ये संयोगचिन्ह घालावं लागलं.

स्लॅक, झूम, स्ट्राइप, नोशन ही नावं कानाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येतात. शब्दकोशातला छोटा शब्द, एकच उच्चार, एकच स्पेलिंग. स्ट्राइपने तर मोठीच सुधारणा केली, कारण आधीच्या नावात तिरक्या रेघा होत्या आणि प्रोग्रामर सोडून कुणाला ते म्हणता येण्यासारखं नव्हतं. अशा नावांची अडचण एकच: सुरुवातीची दोन-तीन वर्षं सर्चमध्ये तुमच्यावर मूळ शब्द बसलेला असतो. शब्द जितका सामान्य तितका हा काळ लांबतो. एकाक्षरी ‘एक्स’ हे याचं टोक. २०२३च्या जुलैमध्ये ट्विटरने ते घेतलं तेव्हा जगभर ओळखलं जाणारं, क्रियापद झालेलं नाव टाकून शोधायला जवळपास अशक्य असं नाव पदरात पडलं. नामकरणाच्या दृष्टीने आम्हाला तरी यात कमाई दिसत नाही.

आता वाढीला जागा. नावात आजचं उत्पादन कोंबलं की उद्याचं उत्पादन बाहेर राहतं. ट्रान्सफरवाइज २०११मध्ये परदेशी पैसे पाठवण्यासाठी निघालं. खाती आणि कार्डं आल्यावर २०२१मध्ये ‘ट्रान्सफर’ काढून वाइज उरलं. इथे बदल सुखरूप झाला, कारण उरलेला भाग स्वतंत्र उभा राहू शकत होता. जोडनाव घेणार असाल तर ही तपासणी कागदावर करून बघा: वर्णनाचा अर्धा भाग खोडला तर उरलेला एकटा चालतो का? उबरकॅबचंही तसंच. २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नियामकांनी हरकत घेतली, ‘कॅब’ गेलं आणि पुढे जेवण पोचवायला नाव मोकळं झालं. एअरबेड अँड ब्रेकफास्टने २००९मध्ये आखडून एअरबीएनबी केलं नसतं, तर अख्खं घर भाड्याने देताना हवेची गादी मध्ये आली असती.

नेटफ्लिक्सचं क्विकस्टर मात्र सर्व बाजूंनी फसलं. सप्टेंबर २०११मध्ये डीव्हीडी सेवा वेगळी करून हे नाव जाहीर झालं आणि १० ऑक्टोबरला बेत रद्द झाला. स्पेलिंग अवघड, जुन्या नावाशी नातं नाही, आणि ट्विटरवरचं खातं भलत्याच माणसाकडे. जाहीर करण्याच्या आदल्या आठवड्यात एका कर्मचाऱ्याने पाच मिनिटं शोधलं असतं तरी ही शेवटची गोष्ट कळली असती.

कायद्याचा भाग संस्थापकांना कोरडा वाटतो, पण सर्वांत मोठी बिलं इथूनच येतात. ट्रेडमार्कच्या दृष्टीने नावांची उतरंड आहे. वस्तूचंच नाव नोंदवता येत नाही. गुण सांगणारं वर्णन कमकुवत. सूचक नाव बरं. असंबंधित शब्द, जसं संगणकासाठी अ‍ॅपल, बळकट. आणि पूर्ण बनवलेला शब्द, जसं कोडॅक, सर्वांत बळकट. संस्थापक वर्णनाकडे ओढले जातात, कारण ते समजावावं लागत नाही. पण जे सगळ्यांना समजतं ते सगळ्यांना वापरताही येतं, प्रतिस्पर्ध्यालासुद्धा. बुकिंग डॉट कॉमला नोंदणीसाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०२०मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. एवढी लढाई नव्या कंपनीला परवडत नाही. आमची पसंती सूचक नावाला: ड्रॉपबॉक्स काय करतं ते ऐकून अंदाज येतो, तरी ते नुसतं वर्णन नाही.

आधीच्या ट्रेडमार्कचा शोध घेताना स्पेलिंग नव्हे, उच्चार शोधा. कायदा गोंधळ होईल का एवढंच विचारतो, अक्षरं मोजत नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्कायड्राइव्ह या फाइल साठवण्याच्या सेवेच्या नावात ‘स्काय’ होतं. ब्रिटनमधल्या स्काय कंपनीने दावा केला, २०१३मध्ये मायक्रोसॉफ्ट हरलं आणि २०१४मध्ये वनड्राइव्ह आलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे टळलं नाही ते तुम्हाला टळेल असं धरू नका. ट्रेडमार्क नोंदणीसाठी जगभर माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. सॉफ्टवेअरसाठी ९ आणि ४२ पाहायचेच, शिवाय स्वतःच्या क्षेत्राचा वर्ग: पैशांचं काम असेल तर ३६, दूरसंचार ३८, शिक्षण ४१, आरोग्य ४४. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ब्रँडचा डेटाबेस फुकट शोधता येतो. तिथून सुरुवात करून दोन्ही अ‍ॅप स्टोअर, प्रोग्रामर कोड ठेवतात ते गिटहब आणि कंपनी नोंदणीची यादी पाहा, कारण नोंदणी नसलेला जुना वापरकर्ताही काही देशांत हक्क सांगू शकतो. पहिला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत बाहेरच्या देशांत अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते. ही मुदत चुकवणारे फार आहेत. आणि अ‍ॅपलने दाखवलं तसं, वर्ग वेगळा असला तरी व्यवसाय सरकतो: बीटल्स या बँडच्या संगीत कंपनीशी, म्हणजे अ‍ॅपल कोअरशी १९८१मध्ये समझोता झाला, संगणक संगीताकडे वळला तसा वाद पुन्हा पेटला, आणि शेवटचा तोडगा २००७मध्ये निघाला.

डोमेनबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. महागडं डॉट कॉम पहिल्या दिवशी लागत नाही. ड्रॉपबॉक्स सुरुवातीला ‘गेट’ लावून चाललं, स्क्वेअरने मागे ‘अप’ लावलं, टेस्ला २०१६पर्यंत ‘मोटर्स’सह होती. ‘दफेसबुक’मधला ‘द’ काढण्यासाठी २००५मध्ये २ लाख डॉलर मोजले गेले, पण तोवर सेवा चालू लागली होती. उलट कलर या फोटो अ‍ॅपने ४.१ कोटी डॉलर उभारून साडेतीन लाख डॉलर डोमेनवर घातले आणि २०१२मध्ये अ‍ॅप बंद झालं. उपसर्ग लावताना एक धोका मात्र खरा आहे: ग्राहक आणि वकील ईमेल साध्या डोमेनवर पाठवतात आणि ते त्या डोमेनच्या मालकाला मिळतात. मालक प्रतिस्पर्धी किंवा अनोळखी व्यापारी असेल तर दुसरं नाव शोधा.

ज्यांच्या टोकाला ‘डॉट कॉम’ऐवजी देशाची खूण असते अशी देशांची डोमेनं वापरताना ती त्या देशाची आहेत हे विसरू नये. लिबियाच्या नोंदणी कार्यालयाने २०१०मध्ये एक छोट्या लिंकची सेवा बंद पाडली. अफगाणिस्तानचं टोक वापरणारं एक समाजमाध्यम २०२४मध्ये असंच गेलं. ओव्हरस्टॉक या ऑनलाइन दुकानाने २०११मध्ये कोलंबियाच्या टोकाचं एकाक्षरी डोमेन पुढे केलं, पण लोक सवयीने शेवटी ‘एम’ टाइप करत राहिले आणि कंपनी जुन्या नावाकडे वळली. नव्या टोकांचं डोमेन घेताना पहिल्या वर्षाची किंमत पाहून फसू नका, नूतनीकरणाचा दर लेखी पाहा. वापरलेलं डोमेन घेण्याआधी इंटरनेट अर्काइव्हवर त्याचा इतिहास आणि स्पॅमच्या काळ्या याद्या तपासा, नाहीतर पहिल्याच दिवसापासून तुमचे ईमेल जंकमध्ये पडतील. पैसे एस्क्रोमार्फतच, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत ते सांभाळणाऱ्या त्रयस्थामार्फतच द्या.

नावं बनवून देणाऱ्या सेवांपैकी फुकट जनरेटर शब्दांची मुळं शोधायला उपयोगी, अंतिम नावासाठी नाही. ते डोमेन मोकळं आहे का एवढंच पाहतात, ट्रेडमार्क पाहत नाहीत, आणि तोच शब्द टाकणाऱ्या दुसऱ्यालाही तशीच यादी देतात. तयार नावांच्या बाजारात डोमेनसोबत लोगो मिळतो, पण कायदेशीर तपासणी बहुधा तुमच्याच गळ्यात असते. अनेक भाषांत उतरायचं असेल तरच एजन्सीचा खर्च वसूल होतो. करार करण्याआधी विचारा: त्या त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडून नाव तपासून घेता का, किती फेऱ्या मिळतील, आणि प्राथमिक ट्रेडमार्क छाननी कोण करतं? उत्तर गोलमोल आलं तर पैसे वकिलासाठी ठेवा.

आणि नाव अजून पक्कं नसताना कोड लिहायला घेतला असेल, तर ते कोडमध्ये शिरू देऊ नका. अ‍ॅप स्टोअरवर दिसणारं नाव बदलता येतं, ३० अक्षरांच्या मर्यादेत. पण आतली ओळख, म्हणजे अँड्रॉइडचं पॅकेज नाव आणि अ‍ॅपलचा बंडल आयडी अ‍ॅप प्रकाशित झाल्यावर बदलत नाही. वनड्राइव्हच्या अँड्रॉइड अ‍ॅपच्या पॅकेज नावात म्हणूनच अजूनही स्कायड्राइव्ह आहे. पॅकेज नाव, एपीआयचं (इतर सॉफ्टवेअर तुमच्या सेवेशी ज्यातून बोलतं त्याचं) डोमेन आणि एसडीकेची (बाहेरच्या प्रोग्रामरांना द्यायच्या कोडच्या संचाची) नावं कंपनीच्या एखाद्या तटस्थ डोमेनवर बेता. नाव बदलावंच लागलं तर जुनं डोमेन कायम ताब्यात ठेवून प्रत्येक पानाचं नव्या पत्त्याकडे वळवणारं कायमस्वरूपी रीडायरेक्ट लावा, जुन्या पत्त्यावरचे ईमेल चालू ठेवा, आणि ट्रेडमार्कचा अर्ज घोषणेच्या आधी दाखल करा.