जपानचं रील: रीलला ५ स्टार, कुरिअरला २, आणि ड्युटीचा सगळा हिशोब

पहिलंच सांगतो, रील (मासे गरवताना दोरी गुंडाळायची चक्री) झक्कास आहे. शिमानोचं ४००० साईझचं, जपानच्या मार्केटसाठी बनवलेलं मॉडेल, वजनाला हलकं, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक) एकदम स्मूथ, खाऱ्या पाण्यात वर्षभर वापरलं आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं तर काही खरखर नाही. वॉरंटी फक्त जपानात, ते दुकानाने आधीच लिहिलं होतं, म्हणून त्यांची चूक नाही. पण हे रील गोव्यात डिचोलीला माझ्या घरी येईपर्यंत जे काय झालं ते लिहायलाच पाहिजे, कारण आमच्या गरवायच्या ग्रुपात दर आठवड्याला कोणतरी विचारतो की बाबा जपानहून मागवलं तर स्वस्त पडतं ना.

तर जुलै २०२४, पावसाचे दिवस, शापोऱ्याच्या नदीत चोणक लागतोय म्हणून सगळे उड्या मारत होते (चोणक म्हणजे मुंबईवाले ज्याला जिताडा म्हणतात तो मासा), आणि माझं जुनं रील ऐन वेळी जाम झालं. मुंबईच्या डीलरने हेच रील २२ हजार सांगितलं. जपानच्या एका ऑनलाईन दुकानात २४,००० येन, शिपिंग २,५०० येन. येन तेव्हा साधारण ५५ पैशाला, म्हणजे सगळं मिळून १४,५७५ रुपये. मी म्हटलं चला सात हजार वाचले, आणि कार्ड टाकून मोकळा झालो. बायकोने विचारलं होतं, टॅक्स किती? मी म्हटलं असेल हजार दोन हजार. हे वाक्य ती अजून मला ऐकवते.

आता कस्टम ड्युटी कशी लावतात बघा, कारण मला वाटलं होतं फक्त रीलच्या किमतीवर लागेल. तसं नाही. वस्तूची किंमत अधिक शिपिंग अधिक इन्शुरन्स, या सगळ्याच्या बेरजेवर लागते. तुम्ही इन्शुरन्स काढलाच नसेल तरी किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. माझी बेरीज १४,७२३ झाली. तेव्हा पर्सनल वापराच्या वस्तूंना बेसिक ड्युटी ३५ टक्के होती, म्हणजे ५,१५३. त्या ड्युटीच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ५१५. आणि मग हे सगळं मिळवून जो आकडा येतो त्याच्यावर २८ टक्के आयजीएसटी (बाहेरून आलेल्या मालावरचा जीएसटी), ५,७१०. म्हणजे टॅक्सवर टॅक्स. एकूण ११,३७८, टक्क्यात सांगायचं तर ७७.२८. चौदा हजाराच्या वस्तूवर अकरा हजार! मी तीन वेळा कॅल्क्युलेटर मारला, एकदा मोबाईल बदलून पण.

ड्युटी सरकारची, ती कोणालाच चुकत नाही, त्यात कुरिअरचा दोष काय? दोष पुढे. त्यांनी माझ्या वतीने ड्युटी आधी भरली म्हणून ६५० रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७६७. ही फी ऑर्डर करताना कुठेच दिसली नव्हती. केवायसीसाठी आधार आणि पॅन मागितलं, दिलं, चार दिवसांनी परत तेच मागितलं, परत दिलं, मग इन्व्हॉइस आणि पैसे भरल्याचा पुरावा मागितला म्हणून कार्डचं स्टेटमेंट पाठवलं. हेल्पलाईनवर प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून कथा सांगायची. पार्सल मुंबईला क्लिअर होऊन गोव्यात पोचलं तर डिलिव्हरीवाल्याचा फोन, सर डिचोलीला आमची गाडी नाही, म्हापशाला येऊन घेऊन जा. आणि कधी, तर शुक्रवारी! म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी गाडी कुठे लावायची ते मला विचारू नका. दारात डिलिव्हरीचे पैसे घेतलेले ना तुम्ही?

वर कार्डवाल्या बँकेने फॉरेन करन्सीचा ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी असे ६०२ रुपये कापले, ते पुढच्या महिन्याच्या बिलात दिसलं. सगळं धरून रील पडलं २७,३२२ ला. मुंबईच्या डीलरकडे २२ हजार, आणि वॉरंटी पण मिळाली असती. त्या महिन्यात अडीच किलोचा एक चोणक मिळाला, बायकोने कढी करता करता किलोचा भाव काढला, जवळपास ११ हजार रुपये किलो.

ग्रुपातले लोक युक्त्या सांगतात त्या पण ऐका. एक म्हणाला दुकानदाराला गिफ्ट लिहायला सांग. अरे, गिफ्टची सूट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, आता फक्त राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडली तर गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता काही सोडवता येत नाही, आणि राखी म्हणजे नुसती राखी, तिच्याबरोबरची मिठाई भेटवस्तू नाही. दुसरा म्हणाला किंमत कमी लिहून घे. कार्डचं स्टेटमेंट मागतात तेव्हा काय दाखवणार मग?

आणि हो, पार्सल अडकलेलं असतानाच मला एसएमएस आला की तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, लिंकवर २५ रुपये भरा. अगदी त्याच आठवड्यात, म्हणून बोट लिंकवर गेलंच होतं. तो फ्रॉड. कस्टमवाले कुणाच्या पर्सनल खात्यात पैसे मागत नाहीत, त्यांच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असतो तो त्यांच्या साईटवर तपासता येतो. घरातल्या म्हाताऱ्यांना हे नक्की सांगा.

दर तेव्हापासून उतरलेत हे पण सांगायला हवं, नाहीतर माझा आकडा बघून कोणी घाबरून जाईल. २०२५ च्या बजेटमध्ये बेसिक ड्युटी ३५ टक्क्याची २० केली, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले त्यात या वस्तूंचे २८ चे १८ झाले, आणि २०२६ च्या बजेटमध्ये बेसिक ड्युटी २० ची १० करायचं जाहीर झालं. माझं नशीब बघा, मी बरोबर सगळ्यात महाग असताना घेतलं. आता मागवायचं असेल तर त्या दिवसाचा दर बघा, शिपिंग धरून हिशोब करा, आणि दुकान ड्युटी आधीच घेत असेल तर ते घ्या, निदान कुरिअरची ती आगाऊ फी टळते. कुवेतचा चुलतभाऊ डिसेंबरात येतो तेव्हा त्याच्या बॅगेतून आणायचं हा पण पर्याय आहे, त्याचे नियम वेगळे, पण त्याच्या आईच्या ऑर्डरी आधी असतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मी परत जपानहून लुअर (गळाला लावायचे प्लास्टिकचे खोटे मासे) मागवले, सहा पीस. सुधारलो नाही. पण या वेळी कुरिअर नको म्हणून पोस्टाने. वेळ जास्त लागला, ट्रॅकिंग आठवडाभर मुंबईलाच थांबलेलं दिसत होतं, पण ना केवायसीचे चार फोन ना म्हापशाची फेरी. आमचा पोस्टमन स्लिप घेऊन दारात आला, ड्युटीचे पैसे घेतले, सही घेतली. पाकिटावरचं नुस्त्याचं, म्हणजे माशाचं, चित्र बघून म्हणाला आत काय आहे, मी एक लुअर काढून दाखवला. तो उलटसुलट करून बघत म्हणाला, "प्लास्टिकाच्या नुस्त्याकय टॅक्स?"