गार्डाचं ऑलिव्ह तेल: भरतावर फर्मास, फोडणीत वाया

नागपुरातल्या इम्पोर्टेड मालाच्या दुकानांत 'गार्डा डीओपी'ची काळपट बाटली कधीमधी दिसते (डीओपी म्हणजे ठरावीक भागातच तयार झालेल्या मालाला मिळणारी युरोपीय खूण). भाव ऐकून हात आखडतो. पैसे वसूल होतात, पण तेल कच्चं खाल्लं तरच.

गार्डा हे उत्तर इटलीतलं सरोवर, ४६ अक्षांशाच्या आसपास. एवढ्या उत्तरेला ऑलिव्ह सहसा थंडीनं करपतो. इथं मात्र ३४६ मीटरपर्यंत खोल असलेलं पाणी उन्हाळ्याची ऊब हिवाळाभर सोडत राहतं आणि आल्प्सचे डोंगर उत्तरेचा वारा अडवतात. नवव्या शतकातल्या मठांच्या हिशेबातही या काठच्या तेलाची नोंद आहे. युरोपीय संघाचा डीओपी दर्जा १९९७ चा. एक्स्ट्रा व्हर्जिनला, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीच्या ऑलिव्ह तेलाला, ०.८ टक्के आम्लता चालते (ती जितकी कमी तितकं बरं), गार्डाला ०.५ च्या वर नाही.

चव सौम्य असते. कासालिव्हा या तिथल्या वाणामुळं हिरव्या गवताचा वास, घशात थोडा तिखटपणा आणि शेवटी बदामाची चव. पारखताना छोट्या पेल्यात १५ मिली तेल घ्यायचं, झाकून २८ अंशांपर्यंत कोमट करायचं, आधी हुंगायचं, मग घोट तोंडात धरून दातांतून हवा ओढायची. (मे महिन्यात आपल्याकडं कोमट करायची गरजच नाही.) रंगावर जाऊ नका; तज्ज्ञ मुद्दाम निळ्या पेल्यात चाखतात. फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे शुद्ध, हेही खोटं.

सावजी रश्श्याला किंवा वडाभाताच्या कडकडीत फोडणीला हे घालू नका, बदामाचा वास धुरात जातो. तिथं आपलं जवस-शेंगदाण्याचंच बरं. भाजलेल्या वांग्याच्या भरतावर, ताटात वाढल्यावर, चमचाभर तेल ओता. जवसाच्या चटणीत कालवून भाकरीशी खा.

घेताना लाल-पिवळा गोल डीओपी शिक्का आणि हंगामाचं साल बघा. तोडणी ऑक्टोबरपासून होते, त्यामुळं दोन हंगाम जुनी बाटली स्वस्तात मिळाली तरी सोडा. शोकेसच्या दिव्याखालची, पारदर्शक काचेची तर नकोच. उजेड, उष्णता आणि हवा या तिघांनी तेल खवट होतं, आणि नागपूरच्या ४५ अंशांत ते लवकर होतं. म्हणून अर्ध्या लिटरऐवजी २५० मिलीची बाटली घ्या, गॅसपासून लांब खालच्या बंद कपाटात ठेवा, झाकण घट्ट लावा आणि उघडल्यावर दीड-दोन महिन्यांत संपवा. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की ते भरतावर घालू नका.