सराफ्यातला वाटी-चमचा आणि नुसतं ‘अहिल्या’

भावाच्या मुलीच्या बारशासाठी चांदीचा वाटी-चमचा इंदूरच्या सराफ्यातल्या एका जुन्या दुकानातून घेतला. माल चोख, हिशेब सरळ, वागणूक बरी. नाव कोरून घेणार असाल तर मात्र ते कागदावर स्वतः लिहून न्या.

नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी ‘अहिल्या’ ठरवलं होतं. काउंटरवरच्या काकांनी ऐकलं आणि बिलबुकात थेट ‘देवी अहिल्या’ लिहून टाकलं. मी म्हटलं, नुसतं अहिल्या. ‘‘आगे देवी नहीं लगाएँगे?’’ त्यांना पटेचना. त्यांचं तरी काय चुकलं? इंदूरमध्ये हे नाव मोकळं सापडतच नाही. विमानतळ देवी अहिल्याबाई होळकर, विद्यापीठ देवी अहिल्या. १९६४ साली निघालं तेव्हा ते साधं इंदूर विद्यापीठ होतं, १९८८ मध्ये नाव बदललं. माझ्या सगळ्या मार्कशीटवर तेच, त्यामुळे कित्येक वर्षं ‘अहिल्या’ म्हटलं की मला आधी एटीकेटी आठवायची. राजवाड्यासमोरच्या बागेत पुतळा आहे तो वेगळाच.

वहिनीची हरकत निराळी होती. तिच्या डोक्यात अहिल्याबाईंची तसबीर बसलेली, पांढरी साडी आणि हातात पिंडी. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे, पुढच्याच वर्षी मुलगा. नंतर मुलगी सती गेली. ‘‘ताई, एवढं सगळं पोरीच्या गळ्यात कशाला?’’ त्यावर आईने पंचकन्यांचा श्लोक म्हणून दाखवला, त्यात पहिलं नाव अहल्येचंच. वहिनी म्हणाली, ती तर शिळा होऊन पडली होती. आई गप्प. तो डाव वहिनीने मारला.

मला त्या नावात चौंडीच्या पाटलाची मुलगी दिसते. मल्हाररावांनी देवळात पाहिली आणि सून करून आणली असं सांगतात ना, ती. राजमाता वगैरे नंतर. आणि दुःखाचंच बोलायचं तर १७६७ पासून १७९५ पर्यंत बाईने राज्य चालवलं, काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, महेश्वरला राजधानी नेऊन तिथे विणकर वसवले. वहिनीच्या कपाटात तीन माहेश्वरी साड्या आहेत. शेवटी मी तेवढंच म्हटलं आणि नाव पास झालं.

आता कोराईबद्दल. मशीनने लगेच करून देतात, पण अक्षरं रबरी शिक्क्यासारखी दिसतात. हाताने कोरून मागा. वरच्या माळ्यावर एक म्हातारे कारागीर बसतात, त्यांनी आधी पेन्सिलीने वाटीवर आखून दाखवलं. ‘हि’ची वेलांटी काठाला भिडत होती, म्हणून न सांगता ओळ खाली घेतली. ‘ल्या’ तर इतका सुरेख जोडलाय की नजर तिथेच जाते. चमच्यावरही नाव हवं होतं, ते मात्र साफ नाही म्हणाले. तोंडात जाणारी वस्तू, खाचेत खीर अडकते. बरोबरच आहे. पैसे अक्षरामागे घेतात, जोडाक्षराला जादा नाही. चांदीचं वजन आणि मजुरी बिलावर वेगवेगळी दाखवली, हे मला विशेष आवडलं. काही ठिकाणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

दुपारीच जा. रात्री दुकानांची शटरं पडायला लागली की खाण्याच्या गाड्या लागतात, मग सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि कारागीरही घरी गेलेले असतात. अर्धा स्टार कापला तो डबीसाठी. तिच्या लाल मखमलीचा रंग वाटीला लागला, पुसता पुसता माझी संध्याकाळ गेली. घरून मऊ सुती फडकं न्या आणि डबी तिथेच परत करा.