भावगीतांच्या साथीसाठी ९-४६ मापाच्या तारा: डॅडारिओच्या ईएक्सएल १२५ सेटचे परीक्षण

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा घ्यायला गेले की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, “नऊचा देऊ की दहाचा?” हा आकडा म्हणजे सेटमधल्या सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत; ९-४६ अशा जोडीतला दुसरा आकडा सर्वांत जाड तारेचा. ठाणे-कळवा भागातील वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेक वादकांनी या दोहोंपैकी एक माप कधीतरी निवडले आणि पुढे वर्षानुवर्षे तेच चालू ठेवले. डॅडारिओ कंपनीच्या एक्सएल निकेल मालिकेतील ईएक्सएल १२५ हा सेट या दोन्ही मापांच्या मधला आहे. त्यातील बारीक तीन तारा नऊच्या सेटमधल्या आहेत, तर खर्जाच्या तीन तारा दहाच्या सेटमधल्या. २५.५ इंच स्केलच्या (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) गिटारवर मराठी गाण्यांची साथ करणाऱ्याने सर्वांत आधी हाच सेट लावून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सेटमधील तारांची जाडी अनुक्रमे ०.००९, ०.०११, ०.०१६, ०.०२६, ०.०३६ आणि ०.०४६ इंच अशी आहे. पहिल्या तीन तारा साध्या पोलादी आहेत. उरलेल्या तिन्हींवर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेची गुंडाळी आहे. सर्व तारा एकाच बंद पाकिटात येतात आणि त्यांच्या टोकाच्या गोळ्यांना वेगवेगळे रंग असल्यामुळे कोणती तार कोणत्या जागी लावायची याचा घोळ होत नाही. कंपनीने जाहीर केलेले ताणाचे आकडे पाहिले तर २५.५ इंच स्केलवर, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, ९-४२ च्या सेटचा एकूण ताण साधारण ३९ किलो, १०-४६ चा ४७ किलो आणि या ९-४६ चा जवळजवळ ४३ किलो भरतो. आकडा मधला असला तरी तो सहाही तारांवर सारखा वाटलेला नाही, आणि या सेटचे गुण-दोष समजून घेताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

आधी बारीक तारांविषयी, कारण आपले काम मुख्यतः त्यांच्यावरच चालते. भावगीताची किंवा नाट्यगीताची ओळ गिटारवर वाजवायची म्हणजे मींड घ्यावी लागते आणि मींड घ्यायची म्हणजे तार ओढावी लागते. रॉकमध्ये एक स्वर ओढून भागते तिथे गायकाच्या हरकतीमागे जाताना दीड स्वरापर्यंत, म्हणजे तीन फ्रेटांइतके वर, जावे लागते, शिवाय त्या उंचीवर थांबून अलगद खाली उतरावेही लागते. दीड स्वर चढवण्यासाठी तारेचा ताण सुमारे ४१ टक्क्यांनी वाढावा लागतो. दहाच्या सेटमधील दुसरी तार ०.०१३ इंचाची असून तिचा ताण ७ किलो असतो, तर इथली ०.०११ इंचाची तार ५ किलोंवरच सुरात लागते. म्हणजे दीड स्वराच्या मींडेच्या टोकाला ०.०१३ च्या तारेवर जवळपास १० किलो ताण असतो आणि ०.०११ च्या तारेवर ७ किलोंच्या आसपास. साध्या तारांच्या बाबतीत मींडेसाठी तार किती सरकवायची हे अंतर जाडीमुळे फारसे बदलत नाही. बोटांना लावावा लागणारा जोर मात्र जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एका सेटवर बसवलेली मींड दुसऱ्या सेटवर त्याच जागी सापडते, पण तीन तासांच्या कार्यक्रमाच्या शेवटी ती तितकीच सुरेल येईल की नाही, हे त्या जोरावर ठरते. कोमल गांधारावरून मध्यमावर जाताना बोट थकलेले असेल तर स्वर हमखास किंचित खाली राहतो, आणि आपल्या श्रोत्यांच्या कानाला तो लगेच खटकतो.

बारीक तारांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डाव्या हाताने फ्रेटवर जोरात दाबण्याची सवय असलेल्या वादकाचे कॉर्ड या तारांवर चढलेले ऐकू येतात, कारण कमी ताणाची तार दाबाने पटकन सूर सोडते. ध्वनिक गिटारवरून इलेक्ट्रिककडे आलेल्यांना हा त्रास विशेष होतो. तो हात हलका केल्याने जातो. त्यासाठी जाड तारांकडे वळण्याची गरज नाही.

खर्जाच्या बाजूला हा सेट नऊच्या सेटपेक्षा निश्चितच सरस आहे. ९-४२ मधील सहावी तार पिकचा जोरदार आघात झाला की क्षणभर वर चढून मग मूळ स्वरावर येते. ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या साथीत गिटारवादक नकळत जोर लावतो, तेव्हा हा दोष जास्त उघडा पडतो. इथे सहाव्या तारेवर जवळपास ८ किलो ताण असल्यामुळे तिचा आवाज भरीव आणि स्थिर येतो. सहावी तार एक स्वर उतरवून ई ऐवजी डी वर लावली (‘ड्रॉप डी’) तरी तिच्यावर सव्वासहा किलोंच्या आसपास ताण राहतो, तर ४२ ची तार त्याच वेळी ५.३ किलोंपर्यंत उतरून सैल पडते.

या सेटचा खरा दोष तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधोमध आहे. तिसऱ्या तारेचा ताण ६.७ किलो आणि तिच्या शेजारच्या चौथीचा ८.३ किलो, असा एकदम फरक पडतो. सलग तान घेताना चौथीवरून तिसरीवर उतरले की बोटाखालचा प्रतिकार अचानक कमी झाल्याचे जाणवते, आणि मंद स्ट्रमिंगमध्ये जाड तारांचा आवाज किंचित पुढे येतो. पिकअपची (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकी पट्टीची) त्या बाजूची उंची थोडी कमी केल्यावर आवाजाचा तोल सुधारतो. बोटांना जाणवणारा फरक मात्र सवयीनेच अंगवळणी पडतो. ज्यांचे काम मुख्यतः कॉर्डच्या साथीचे आहे, त्यांना समतोल असलेला १०-४६ चा सेट अधिक मानवेल.

स्केलचा विचार केल्याशिवाय मापाची शिफारस करणे योग्य नाही. फेंडर पद्धतीच्या गिटारचे स्केल २५.५ इंच असते, तर लेस पॉल घडणीच्या गिटारचे साधारण २४.७५ इंच. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर आखूड स्केलवर ताण सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे लेस पॉलवर १०-४६ चा सेट ४४ किलोंच्या आसपास बसतो, म्हणजे लांब स्केलवरील ९-४६ च्या अगदी जवळ. अशा गिटारवर ईएक्सएल १२५ लावू नये. तिथे दहाचाच सेट योग्य. हाच नियम सूर उतरवून वाजवणाऱ्यांनाही लागू आहे. गायकाच्या पट्टीसाठी संपूर्ण गिटार अर्ध्या स्वराने उतरवून ठेवली की ताण जवळपास ११ टक्क्यांनी घटतो आणि नऊची तार बोटाखाली फारच मऊ पडते. अमेरिकी ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन १३ च्या तारा वापरत असे, हे अनेकांना ठाऊक असते. तो गिटार अर्धा स्वर उतरवून लावत असे, हे सांगायचे मात्र राहून जाते. दुसऱ्या टोकाला झेडझेड टॉप या बँडचा गिटारवादक बिली गिबन्स सातच्या तारांवर भरदार आवाज काढतो. जाड तार म्हणजेच चांगला आवाज, ही समजूत या एका उदाहरणापुढेही टिकत नाही.

माप बदलले की सेटअप, म्हणजे गिटारची नव्याने जुळणी, करावाच लागतो. नौपाड्यातील एका विद्यार्थ्याने दुकानातून दहाच्या तारा चढवून आणलेली गिटार माझ्याकडे आली, तेव्हा तिचा ट्रेमोलो ब्रिज (मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तोललेली, तारा धरणारी हलती पट्टी) पुढच्या बाजूला झुकून बॉडीपासून चांगलाच उचललेला होता आणि बाराव्या फ्रेटवर तारा इतक्या उंच होत्या की त्या मुलाला बॅरे कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायचा कॉर्ड) दाबता येत नव्हता. तारा बदलणाऱ्याने मागच्या स्प्रिंगांना हातच लावला नव्हता. ९-४२ वरून ९-४६ वर येतानाही खर्जाच्या बाजूला सुमारे ४ किलो ताण वाढतो. स्प्रिंगांचे स्क्रू घट्ट करून ब्रिज पूर्ववत आणावा, गिटार सुरात लावून एक दिवस तशीच ठेवावी, मग मानेचा बाक तपासून तो ट्रस रॉडने (मानेच्या आतल्या सळईने) जुळवावा, त्यानंतर तारांची उंची पाहावी आणि इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटांवर सूर बरोबर येणे, सर्वांत शेवटी जुळवावे. हा क्रम उलटला की सगळे काम पुन्हा करावे लागते. सहावी तार लावताना नटपाशी (मानेच्या टोकाच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी) ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर ४६ ची तार ४२ साठी कापलेल्या खाचेत अडकते आहे असे समजावे. खाचेत शिसपेन्सिलीची पूड घासल्याने बरेचदा काम भागते. नाहीच भागले तर खाच रुंद करण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे, कारण जास्त कापलेली खाच सहजासहजी भरून येत नाही.

टिकाऊपणाबाबत या तारांकडून फार अपेक्षा ठेवू नये. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, साध्या तारांवर गंजाचे ठिपके लवकर दिसू लागतात आणि गुंडाळलेल्या तारांची चमकदार धार जाते. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या कापडाने खालच्या बाजूनेही पुसावी. ज्यांच्या हातांना फार घाम येतो, त्यांनी हेच माप एलिक्सरच्या कोटिंग असलेल्या तारांमध्ये घ्यावे. त्या बऱ्याच महाग असल्या तरी पावसाळ्यात परवडतात. ईएक्सएल १२५ घेणाऱ्याने सेटबरोबर ०.००९ च्या दोन-तीन सुट्या तारा गिटारच्या पिशवीत टाकून ठेवाव्यात, कारण मींडेच्या सततच्या ओढीने ब्रिजपाशी आधी तुटते ती पहिली तार, आणि तेवढ्यासाठी चांगल्या स्थितीतल्या पाच तारा काढण्याचे काही कारण नाही.